‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे सठीसामाशी

‘ही कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून’ याचं नेमकं मराठी ‘तो मला सठीसामाशी फोन करतो’ असं होईल. बरेच जण इथे ‘कपिलाषष्ठीचा योग’ आणतात, ते मला पटत नाही. कपिलाषष्ठीत योग जुळून आल्याचा आनंद असतो. ब्लू मूनमध्ये तो असेलच असं नाही, उलट पुष्कळदा बारीकशी तक्रार असते.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘वन्स’मुळे होतो. ‘आय मेट हिम वन्स इन अ ब्लू मून लास्ट मंडे’ हे वाक्य चूक. हा वाक्प्रचार एखादी गोष्ट किती वेळा घडते ते सांगतो, कधी घडली ते नाही. म्हणून तो सवयीच्या क्रियापदासोबत शोभतो: कॉल्स, व्हिजिट्स, यूज्ड टु राइट. ‘रेअरली वन्स इन अ ब्लू मून’ही नको, कारण ‘रेअरली’ त्यात आलंच. बोलण्यात तो छान वाटतो. कार्यालयीन पत्रात मात्र नुसतं ‘रेअरली’ लिहावं.

एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, आणि त्यावरूनच हा वाक्प्रचार आला, असं हमखास सांगितलं जातं. क्रम उलटा आहे. वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकातला. दुसऱ्या पौर्णिमेचा अर्थ १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखात झालेल्या चुकीतून रूढ झाला. त्याआधी पंचांगवजा पुस्तकात, एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ते नाव होतं. आणि १५२८ सालच्या एका इंग्रजी पद्यात ‘चंद्र निळा आहे म्हणाले तरी आपण खरं मानायचं’ अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे निळा चंद्र तेव्हा चक्क अशक्य गोष्टीची खूण होता.

दुसरी पौर्णिमा तशी फार दुर्मीळही नाही. दोन पौर्णिमांमध्ये सुमारे साडेएकोणतीस दिवस असतात. १९ वर्षांत महिने २२८, पौर्णिमा २३५, सात जास्तीच्या. सरासरी पावणेतीन वर्षांनी एक. फेब्रुवारीत ती कधीच येत नाही.

चंद्र खरोखर निळा दिसण्याचं मात्र असं गणित नाही. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या राखेमुळे आणि १९५० मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुरामुळे तो तसा दिसला होता. हवेतले कण साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, आणि जवळपास एकाच मापाचे असले, की लाल प्रकाश जास्त विखुरतो आणि निळा आरपार येतो. कण लहानमोठे मिसळलेले असले की हा परिणाम दिसत नाही.