सनसनाटी बातमीची शहानिशा मी कशी करते

सनसनाटी बातमी तपासायची म्हटलं की बहुतेक जण तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत बसतात. शुद्धलेखन बघतात, साइटची मांडणी बघतात, 'आमच्याविषयी' उघडतात. मी हे जवळपास सोडूनच दिलंय. खोटी साइट स्वतःविषयी खोटंच लिहिणार, आणि चोख भाषा आता कुणालाही आयती मिळते. माझा बराचसा वेळ बातमीच्या बाहेर जातो. ही गोष्ट सगळ्यांत आधी कुणी सांगितली आणि त्याला ती कुठून कळली, एवढंच शोधायचं असतं.

त्याआधी एक नजर पत्त्यावर. साइटचा पत्ता पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि उजवीकडून वाचायचा, कारण साइट नेमकी कुणाची हे शेवटच्या दोन-तीन तुकड्यांत असतं. २०१६ च्या सुमारास 'एबीसीन्यूज डॉट कॉम डॉट सीओ' या साइटवरच्या बनावट बातम्या अमेरिकेत भरपूर पसरल्या. नाव एबीसी वाहिनीसारखं, पण शेवटचं 'डॉट सीओ' हे कोलंबिया देशाचं. डावीकडून वाचणारा फसतो. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, तिथे टॅप करून तो पूर्ण बघावा लागतो.

मग शीर्षकातली विशेषणं गाळून उरलेलं शोधते: ठिकाण, आकडा, घटना. 'थरकाप', 'धक्कादायक' हे शब्द तसेच ठेवले तर शोधात त्याच पठडीतल्या साइट वर येतात. बातमी दहा ठिकाणी दिसली म्हणून ती पक्की होत नाही. दोन-तीन लिंक शेजारी-शेजारी उघडल्या की पुष्कळदा तेच वाक्य, तोच क्रम, कधी कधी नावातली तीच चूकसुद्धा सापडते. म्हणजे लिंक दहा, पण उगम एकच. 'वृत्तानुसार' या शब्दावरची लिंक दाबत मागे जायचं. ती साखळी एखाद्या अनामिक पोस्टवर संपली किंवा फिरून पहिल्याच साइटवर आली, तर हातात काहीच नाही असं समजायचं.

फोटोला जास्त वेळ द्यावा लागतो. आधी त्यावर चिकटवलेला मजकूर आणि कडा कापून टाकते, नाहीतर उलट शोधात (म्हणजे शब्दांऐवजी फोटो देऊन केलेल्या शोधात) तसेच सजवलेले स्क्रीनशॉट येत राहतात. मग गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून शोधणाऱ्या दोन्ही साधनांत. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, आणि कामाचा भाग तोच. मात्र तिथली तारीख फोटो काढल्याची नसते, त्या यंत्रणेला तो पहिल्यांदा सापडल्याची असते. फोटो त्याहून जुना असू शकतो, नवा नाही. काहीच मिळालं नाही तर फोटो आडवा फिरवून, आरशातल्यासारखा करून पुन्हा शोधते. चोरलेले फोटो कधी कधी असे उलटवलेले असतात. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचा फोटो २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी पोर्तो रिकोतला म्हणून फिरला, २०१७ मध्ये हार्वे वादळात ह्यूस्टनचा म्हणून. त्यातला शार्क मुळात दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात कयाकमागे (वल्ह्याच्या छोट्या होडीमागे) पोहणाऱ्या शार्कच्या फोटोतून कापलेला. तो फोटो २००५ मध्येच छापून आला होता. आधी कयाकचा फोटो सापडला की रस्त्याचा प्रश्न उरत नाही. व्हिडिओ असेल तर पाट्या, वाहनांच्या नंबरप्लेट, दुकानांची नावं दिसतात त्या तीन-चार फ्रेम काढून हेच सगळं करायचं.

एआयने बनवलेल्या चित्रापुढे ही युक्ती लंगडी पडते, कारण जुना मूळ फोटो अस्तित्वातच नसतो. तिथे शोध रिकामा आला याचा अर्थ 'फोटो खरा' असा घ्यायचा नाही. २२ मे २०२३ ला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ, पेंटागॉनजवळ, स्फोट झाल्याचं असं एक चित्र पसरलं आणि अमेरिकी शेअर बाजार थोडा वेळ घसरला. चित्रातलं कुंपण पदपथात विरघळल्यासारखं दिसत होतं, पण मी अशा खुणांवर फार विसंबत नाही. त्या दिवसेंदिवस कमी होत चालल्यात. मला खटकतं ते वेगळंच: भर वस्तीत, दिवसाउजेडी स्फोट आणि दुसऱ्या कोनातून एकही फोटो नाही? पेंटागॉन जिथे आहे त्या आर्लिंग्टनच्या अग्निशमन दलाने थोड्याच वेळात स्फोट झाला नसल्याचं सांगितलं. मोठी घटना असेल तर त्या ठिकाणच्या पोलिसांचं किंवा अग्निशमन दलाचं अधिकृत पान आधी उघडावं, बातम्या नंतर.

आरोग्याच्या बातम्यांत खोटेपणापेक्षा फुगवणं जास्त. ऑक्टोबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, आणि शीर्षकं आली की दोन्ही सारखेच घातक. तो गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. अहवालातला आकडा होता रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी जास्त. '१८ टक्क्यांनी' वाचलं की माझा पहिला प्रश्न, कशाच्या? मूळ धोका १०० जणांत ५ धरला तर तो साधारण ६ होतो. शीर्षकात मूळ धोका जवळजवळ कधीच नसतो. प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर, हेही बातमीच्या तळाशी असतं, किंवा नसतंच.

शेवटी निकाल 'खरी' किंवा 'खोटी' एवढ्यातच बसत नाही. 'खरी पण जुनी', 'खरी पण फुगवलेली' आणि 'अजून ठरत नाही' असेही शेरे मी मारते, आणि घटना ताजी असताना शेवटचाच शेरा जास्त वेळा पडतो. तेव्हा बातमी पुढे पाठवत नाही, वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर त्या पानाची प्रत जतन करून ठेवते. शीर्षक गुपचूप बदलतं, आकडे खाली येतात, कधी पानच गायब होतं. दुसऱ्या दिवशी जतन केलेली प्रत आणि चालू पान समोरासमोर ठेवलं की नेमकं काय बदललं ते दिसतं. आणि साइटने दुरुस्ती केल्याचं वाचकाला सांगितलंय की नाही, तेही त्यातच कळतं.