फिल्टर कॉफीची खतावणी

शेवटच्या पोस्टिंगला बँकेने मला कर्नाटकात हासनला पाठवलं, तेव्हा आईने बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीबरोबर एक अख्खं जायफळ टाकलं. "तिकडे सारखी कॉफी पितात म्हणे. किसून घाल थोडं." आमच्याकडे कॉफीची कल्पना तेवढीच. दूध, साखर, डब्यातली इन्स्टंट पावडर, वर जायफळ, आणि पातेल्यात एक उकळी. तीही रोज नाही. एकादशीला, कुणाला कणकण असली तर, किंवा चहा न पिणारा पाहुणा आला तर. बाकी घर चहाचं.

ते जायफळ तीन वर्षं बॅगेच्या कप्प्यातच राहिलं.

हासनला मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, सगळी गल्ली त्यांना अज्जी म्हणायची, मीही म्हणायला लागलो. पहिल्याच सकाळी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "काफी आयता?" आपण 'जेवण झालं का' विचारतो तसं तिकडे 'कॉफी झाली का' विचारतात. ते विचारण्यापुरतं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी खरं ते सांगितलं, नाही झाली. पाच मिनिटांत स्टीलचा लोटा हातात. तिकडे पेल्याला लोटाच म्हणतात. वर बोटभर फेस, खाली तपकिरी, आणि असा वास की इतकी वर्षं आपण नेमकं काय पीत होतो असं वाटावं.

माझ्याकडे शेतीकर्जाचं काम होतं, त्यामुळे सकलेशपूर बाजूच्या मळ्यांवर सारखं जाणं व्हायचं. सिल्व्हर ओकच्या उंच झाडांवर मिरीचे वेल, त्यांच्या सावलीत कॉफी. मार्च-एप्रिलात वळवाची एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत अख्खा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो, वास थेट मोगऱ्याच्या जवळचा. त्या एका सरीवर मळेवाल्याचं वर्ष आणि आमची वसुली दोन्ही अवलंबून. शेजारीच चिकमगळूर. बाबा बुडन नावाच्या फकिराने मक्केहून येताना येमेनमधून लपवून आणलेल्या सात बिया तिथल्या डोंगरात लावल्या, ही गोष्ट प्रत्येक मळेवाला ऐकवतो, आणि प्रत्येक वेळी ऐकून घ्यावी लागते. एका म्हाताऱ्या मळेवाल्याकडे मात्र गूळ घातलेली बिनदुधाची कॉफी मिळायची. ती मिळणार असेल तर मी सात बियांची गोष्ट दोनदा ऐकायलाही तयार असे.

एप्रिलअखेर निवृत्त झालो. निघण्याआधी अज्जी मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी स्टीलची दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. मी मोठ्या फिल्टरला हात लावला तर त्यांनी ते परत ठेवलं. मोठ्या फिल्टरात थोडी पूड टाकली की तिचा थर पातळ बसतो आणि पाणी धावत खाली जातं. घरात माणसं किती पिणार तेवढंच फिल्टर घ्यायचं. तिथून कॉफी वर्क्समध्ये. तिथे समोर बिया दळून देतात. अर्ध्या प्लँटेशन ए, म्हणजे बियांची एक प्रत, अर्ध्या पीबेरी. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. वर चिकोरी १५ टक्के. अर्धा किलो घेतली. वासाने बसमधला शेजारी दोनदा वळून बघत होता.

साताऱ्याला आलो आणि जुन्या सवयीने वही घातली. पहिली नोंद अशी:

"३ मे. पूड ३ चमचे. पाणी अर्धा पेला. डिकॉक्शन: निरंक."

डिकॉक्शन म्हणजे फिल्टरमधून खाली उतरणारा कॉफीचा दाट अर्क. तो खरोखर निरंक. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर दांडीची चकती, उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं, अर्धा तास थांबलो. खालचं भांडं कोरडं. बायको ओट्याशी उभी होती. म्हणाली, "अहो, तोवर चहा टाकू का?" हे वाक्य पुढचे दोन महिने मी रोज ऐकलं.

अज्जींना फोन लावला. त्यांनी एकच सांगितलं: वरचं भांडं जरा उचला, फिरवा, परत ठेवा. उचललं. फस्स असा बारीक आवाज आला आणि टप टप सुरू झालं. कारण मागाहून डोक्यात शिरलं. डिकॉक्शन खाली यायचं तर खालच्या भांड्यातल्या हवेला बाहेर जायला फट हवी. माझं फिल्टर नवंकोरं, जोड घट्ट, हवा आत कोंडलेली. अज्जींचं फिल्टर त्यांच्या लग्नातलं, वापरून वापरून सैल झालेलं. त्यामुळे मला त्यांच्याकडे हे कधी दिसलंच नव्हतं.

दुसरी चूक हाताची. मी चकतीने पूड पोत्यात धान्य ठासावं तशी ठासत होतो. दाबायची नसते, नुसती सारखी करायची. आणि खळखळ उकळतं पाणी घालायचं नाही. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, आधी दोन चमचे पाणी शिंपडून पूड फुगू द्यायची, मग उरलेलं गोल फिरवत, सावकाश. हे जमल्यावर १५-२० मिनिटांत फिल्टर रिकामं व्हायला लागलं. किचनमधला मेथीदाणे मोजायचा छोटा वजनकाटा काढला आणि आकडे पक्के केले: पूड २५ ग्रॅम, पाणी १२० मिली. त्यातलं पन्नासेक मिली पूडच पिऊन टाकते, हातात सत्तर मिली येतं. दोन पेल्यांना पुरतं.

डिकॉक्शन आता दिसायला बरोबर होतं. काळंभोर, तांबूस झाक, वास तोच. पण दूध घातलं की संपलं. हासनची कॉफी कुठेच नाही. आणि मी संशय घेतला तो पुडीवर. इथून पुढे सहा आठवडे वाया घालवले ते सगळे या एका संशयापायी.

पूड जुनी झाली म्हणून गावातून पाकीट आणलं. घरी आल्यावर चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं: कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. चिकोरी म्हणजे एका झाडाची मुळी, भाजून दळलेली, आपल्याकडे गुजरातेत पिकते. तिच्यात कॅफिन नसतं. मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली गेली तर नियमात बसत नाही, म्हणजे पाकीटवाल्याने काठावर पास होऊन दाखवलं होतं. मी चिकोरीच्या विरोधात नाही. थोडी असली की ती डिकॉक्शनला अंग देते, रंग देते, पाणी जरा धरून ठेवते. पण निम्म्याला निम्मी म्हणजे काढा. पेला दाट दिसतो आणि तोंडात फक्त कडवटपणा मागे राहतो.

मग पुण्याहून येणाऱ्या भाच्याकडून भाजलेल्या बिया मागवल्या आणि घरच्या मिक्सरमध्ये दळल्या. नोंद:

"९ जून. बिया २५ ग्रॅम, मिक्सर, चटणीचं भांडं. चव: धने-जिरे."

भांडं तीनदा घासलं होतं, पण झाकणाच्या रबरात मसाला मुरलेला असतो तो जात नाही. शिवाय मिक्सरची पूड एकसारखी होत नाही. निम्मी पिठासारखी, निम्मी भरड. पीठ चाळणीच्या भोकांत बसतं किंवा खाली उतरून तळाशी गाळ होतो, भरडीतून पाणी नुसतं निघून जातं. फिल्टरची भोकं तुंबली ती सुईने एकेक मोकळी करावी लागली. आई बघत होती. म्हणाली, "चहाची गाळणी आपटली की काम होतं." चहावाल्यांच्या घरात हे ऐकून घ्यावं लागतं.

शेवटी हासनहूनच कुरिअरने पूड मागवली. तीच, त्याच दुकानातली, १५ टक्क्यांची. आणि तरीही चव तीच, दुधात बुडालेली. आता पुडीला दोष देता येत नव्हता, म्हणून मी तिचं प्रमाण वाढवलं. ३० ग्रॅम, मग ३५. कॉफी वाढली नाही, कडूपणा तेवढा वाढला, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी टक्क जागा. वहीत १६ ते २० जूनच्या नोंदींचं अक्षर बघण्यासारखं आहे.

सुटका झाली ती वारीमुळे. आमचा गवळी माळकरी. लोणंदला पालखी आली की तो निघतो, म्हशी भावाच्या हवाली करून. भाऊ त्याच्या सोयीने येतो, कधी साडेआठला, कधी नाहीच. दोन दिवस वाट पाहून बायकोने कोपऱ्यावरून पिशवीचं दूध आणलं. गाईचं, ३.५ टक्के फॅट. मी काही न बदलता, रात्रीचं जागरण नको म्हणून फक्त २५ ग्रॅमवर येऊन, रोजच्यासारखी कॉफी केली. पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. हासनचा जिना. काफी आयता. सगळं तिथेच.

बायकोला म्हटलं, "अगं, घेऊन बघ." तिने घेतली, म्हणाली, "आज पातळ आहे. पण चांगली आहे." ती ज्याला पातळ म्हणत होती त्यातच सगळं होतं. आमच्या गवळ्याचं म्हशीचं दूध, सहा-सात टक्के फॅट, रात्रभर ठेवलं तर सकाळी बोटभर साय. चहाला असं दूध म्हणजे भाग्य, कारण चहा त्यात उकळून घेतो आपण. इथे डिकॉक्शन वरून घालायचं. त्या दुधाची स्निग्धता जिभेवर आधी बसते आणि कॉफी तिच्या मागे कुठेतरी राहते. त्यात आमच्याकडे सकाळचं दूध दोन-तीनदा तापवलेलं, म्हणजे आणखी आटलेलं, आणखी गोड. हासनला अज्जींकडे पिशवीचंच गाईचं दूध यायचं, आणि त्या ते कॉफीपुरतं एकदाच तापवायच्या. हे मी तीन वर्षं रोज सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं. पूड कुठली, किती, कशी दळलेली, सगळं विचारून घेतलं. दूध कुठलं, हे विचारायचं असतं हे सुचलंच नाही. दूध म्हणजे म्हशीचं, इतकं ते गृहीत.

वहीत लिहिलं: "२९ जून. खाते जुळले."

अज्जींना फोन केला. त्या आधी "एम्मे हालु?" एवढंच म्हणाल्या, म्हशीचं दूध? आणि मग फोनवर बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. पलीकडे त्यांनी सुनेलाही सांगितलं, तीही हसली. कुंभकोणमच्या 'डिग्री कॉफी'चं नाव दुधाची शुद्धता मोजायच्या लॅक्टोमीटरच्या डिग्रीवरून पडलं असं सांगतात. म्हणजे तिकडे कॉफीला नाव दुधावरून, आणि मी पुडीच्या मागे.

आता माझी पद्धत ठरली आहे. रात्रीच फिल्टर धुऊन, पुसून ठेवतो. साबण लावत नाही, नुसतं गरम पाणी. थंडीत आधी भांड्यांवर गरम पाणी फिरवतो, नाहीतर गार स्टील डिकॉक्शनचा जीव घेतं. पाऊण पेला दूध, एकच उकळी, त्यात पस्तीस मिली डिकॉक्शन. डिकॉक्शन परत गॅसवर ठेवायचं नाही, काही झालं तरी. मग लोट्यातून डबऱ्यात, म्हणजे लोट्याखालच्या पसरट वाटीत, डबऱ्यातून लोट्यात, दोन वेळा. हातभर उंचीवरून ओतायचा प्रयत्न एकदा केला होता, ओटा आणि उजवा पाय दोन्ही भाजले. वीतभर पुरते.

आई त्या पिशवीच्या दुधाला हात लावत नाही. तिच्या मते ते पांढरं पाणी. पण एका एकादशीला इन्स्टंटचा डबा संपलेला, तेव्हा तिने उरलेलं डिकॉक्शन म्हशीच्या आटवलेल्या दुधात ओतलं, साखर घातली, आणि माझ्या बॅगेतून परत आलेलं ते जायफळ किसलं. मला अर्धी वाटी दिली. हासनला कुणी याला कॉफी म्हणणार नाही, अज्जी तर नाहीच. पण दाट दुधात ते चांगलं उभं राहिलं होतं, इन्स्टंटपेक्षा कितीतरी चांगलं. तेव्हापासून सकाळी मी तिच्या नावाचं तीस मिली जास्त काढून झाकून ठेवतो. चार वाजता ती स्वतः उठून करते.

गवळी आषाढीनंतर परत आला, तुळशीची माळ घातलेला, उन्हाने काळवंडलेला. त्याला म्हटलं, रोजचं म्हशीचं एक लिटर आहेच, वर अर्धा लिटर गाईचं वेगळं आण, तुझी जर्सी आहे ना एक. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "सायेब, गाईच्या दुधाला काय कस न्हाई. कुणी आजारी हाय का घरात?"

कॉफीसाठी हवं, म्हटलं.

"मंग म्हशीचंच घ्या की. कॉफी झ्याक हुती."

आणतो तो रोज, पाण्याच्या जुन्या बाटलीत, वेगळं. पण बाटली अजून माझ्या हातात देत नाही, किटलीमागे पायरीवर ठेवतो, शेजाऱ्यांना दिसणार नाही अशी.