पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर: ६५ सीसी की ८० सीसी?

पडलेली पानं उडवायला पाठीवर घ्यायचा ब्लोअर हवा होता. यादी लहान होत होत स्टिल (Stihl) कंपनीच्या दोन मॉडेलांवर आली होती: बीआर ६०० (६४.८ सीसी) आणि बीआर ८०० (७९.९ सीसी). आता त्यातलं एक नक्की केलं आहे.

माहितीपत्रकात हवेचा वेग ठळक छापलेला असतो, पण एकट्या वेगावर निवड करू नका. नळीचं तोंड अरुंद केलं की वेग वाढतो आणि हवा कमी होते. वाळक्या पानांचा ढीग पुढे सरकवायला भरपूर हवा, म्हणजे जास्त सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) लागतो. जमिनीला चिकटलेलं ओलं पान सोडवायला वेग लागतो. दोन्हींचा हिशेब ज्या एका आकड्यात येतो तो न्यूटनचा. दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या हवेचं वस्तुमान गुणिले तिचा वेग, असा हा ढकलण्याचा जोर. बीआर ६०० चा ३२ न्यूटन, बीआर ८०० चा ४१. मशीनची तुलना याच आकड्यावर करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

पण हा जोर आपल्यालाही उलटा लागतो. ४१ न्यूटन म्हणजे जवळपास चार किलोंचा रेटा, आणि नळी अंगाच्या एकाच बाजूला. पूर्ण थ्रॉटलवर मनगट आणि खांदा सतत मागे ढकलले जातात. मोठं मशीन पाठीवर घेऊन चालवलं तेव्हा वजनापेक्षा हेच जास्त जाणवलं. वजनाचंही एक आहे: छापलेला आकडा सहसा रिकाम्या टाकीचा असतो. दीड लिटर पेट्रोल भरलं की किलोभराहून जास्त भर पडते. म्हणून टाकी भरून, पट्टे नीट आवळून, वाकून-वळून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

दोन्हींत ‘फोर-मिक्स’ इंजिन आहे. ते फोर-स्ट्रोक असलं तरी त्यात वेगळं इंजिन ऑइल भरायचं नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच वंगणाचं काम करतं. मात्र व्हॉल्व्ह आहेत, तेव्हा त्यांचा गॅप अधूनमधून तपासावा लागतो. ज्यांना ते नको आणि ताकदही मोठी हवी, त्यांनी इको कंपनीचं पीबी-९०१० पाहावं. तेही ७९.९ सीसीचंच, पण टू-स्ट्रोक.

मी बीआर ६०० घेतोय. माझं बहुतेक काम सुक्या पानांचं, आणि ते अर्ध्या थ्रॉटलवर सुरेख होतं. त्याहून जास्त दिला की ढीग पुढे जाण्याऐवजी फुटून चहूकडे पसरतो. जास्तीचे ९ न्यूटन क्वचितच वापरले जातील, जास्तीचं वजन मात्र प्रत्येक वेळी पाठीवर असेल.

पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१, म्हणजे ५ लिटरला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल. मिश्रण महिनाभरात संपेल इतकंच बनवायचं; जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो. कानांचे मफ आधीच घेऊन ठेवलेत, कारण चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. त्यात तडजोड नाही.

मशीन आलं की आधी नळीच्या गोल आणि चपट्या तोंडांची ओल्या पानांवर तुलना करणार आहे.