एकरी तीन टनांचा मुलूख: बारोलोच्या टेकड्यांवर पाच दिवस

ऑक्टोबरात निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला घराबाहेर काढणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या बापाला मांडवातून उठवून नेणं. छाटण्या चालू, मजूर मिळत नाहीत, डोक्यावर परतीचा पाऊस. तरी आण्णा आले. बहीण ट्युरिनला असते आणि धाकट्या भावाने बाग अंगावर घेतली, म्हणून जमलं. अट एकच होती: "मी पिणार नाही. बागा दाखवणार असशील तर येतो." वाइनच्या मुलखात न पिणारा सोबती नेला, तर अर्धी सहल वाया जाईल, अशी मला धास्ती होती. झालं उलटंच. पिण्यापलीकडचं जे काही कळलं, ते त्यांच्यामुळेच.

आधी पोहोचायचं कसं ते सांगतो. बारोलो हे गाव वायव्य इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात, लांगे नावाच्या टेकड्यांत आहे; त्याच नावाची वाइन इथे होते. जवळचं मोठं गाव आल्बा. ट्युरिनहून आल्ब्याला लोकल गाडीने सव्वा-दीड तास लागतो, कधी ब्रा या स्टेशनवर गाडी बदलावी लागते. कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. मिलानहून स्वतःच्या गाडीने साधारण दोन तास. आल्ब्यापासून पुढे खेड्यांत जाणाऱ्या बसेस मोजक्याच, आणि रविवारच्या भरवशावर तर राहूच नका. आम्ही राहिलो. साडेतीन तास एका चौकात बसून आण्णांनी येणाऱ्याजाणाऱ्यांचे ट्रॅक्टर मोजले. दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घेतली.

गाडी घेणाऱ्यांनी भारतातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, लायसन तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य. उलट्या बाजूचं स्टिअरिंग हातात धरायला आण्णांनी साफ नकार दिला, त्यामुळे गाडी चालवायचो मी आणि चाखायचोही मीच. म्हणजे प्रत्येक घोट चाखून थुंकायचा. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलंच असतं. ते बघून आण्णा म्हणाले, "बरंय, इथं पण पिकदाणी आहे."

पहिल्या सकाळी ला मोर्रा गावाच्या माथ्यावरच्या चौकात उभे राहिलो. खाली सगळं दुधासारखं धुकं, त्यातून किल्ल्यांचे बुरूज आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर आलेले. धुक्याला इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणतात, आणि इथल्या मुख्य द्राक्षाचं नेब्बिओलो हे नाव त्यावरूनच पडलं असं बहुतेक जण मानतात. नऊ-दहाच्या सुमाराला धुकं उतरलं आणि आण्णांचा पहिला प्रश्न आला: "ही बाग अर्ध्या डोंगरालाच का? पलीकडच्या अंगाला का नाही?"

या मुलखाची किल्ली त्या प्रश्नातच आहे. इथे उताराचं तोंड कुठे, यावर त्या जमिनीत काय लागणार ते ठरतं. नेब्बिओलो फुटतं सगळ्यांच्या आधी आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी, बहुतेक वर्षी ऑक्टोबर उजाडतो. एवढं लांबलेलं पीक पूर्ण पिकायला दिवसभराचं ऊन हवं, म्हणून दक्षिणेकडचे, नैर्ऋत्येकडचे उतार त्याचे. अशा उताराला इथल्या बोलीत 'सोरी' म्हणतात आणि टेकडीच्या माथ्याला 'ब्रिक्को'. बाटल्यांवर हे दोन शब्द सारखे दिसतील. थंडीत ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळेल तिथे नेब्बिओलो लावायचं, असा इथला जुना ठोकताळा. त्याहून कमी उन्हाच्या जागी बार्बेरा आणि दोल्चेत्तो, आणि जिथे द्राक्ष पिकणारच नाही तिथे हेझलनटची झाडं. उत्तरेकडे तोंड असलेल्या जमिनीतल्या द्राक्षाला बारोलो हे नाव लावायला कायद्यानेच मनाई आहे.

बारोलो हे नाव ११ गावांपुरतंच. १९८० पासून त्याला इटलीच्या सर्वांत कडक दर्जाचं, म्हणजे डीओसीजीचं संरक्षण आहे. त्यात दुसरं द्राक्ष एक मणीही चालत नाही, शंभर टक्के नेब्बिओलोच. शिवाय १७० शिवारं आणि ती ११ गावं मिळून १८१ नावं अधिकृत नोंदवलेली आहेत: कान्नुबी, ब्रुनाते, बुस्सिया वगैरे. आपल्या सातबाऱ्यासारखंच प्रकरण, फक्त इथे शिवाराचं नाव बाटलीवर छापलं की भाव चढतो. हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा ८ टन, म्हणजे एकरी सव्वातीन टन. हे आण्णांना मी तीनदा सांगितलं. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षात एकरी दहा टन निघाले तर माणूस कुठे समाधानाने झोपतो. इथले शेतकरी मात्र उन्हाळ्यात चांगले हिरवे घड कात्रीने कापून जमिनीवर टाकतात. "आणि खत करतात?" आण्णा विचारत होते. तिथेच पडू देतात.

बागेत मांडव नाही की वाय आकाराचा सांगाडा नाही. तारांवर सरळ उभी वेल, एकच लांब काडी आडवी बांधलेली, तिच्यावर आठ-दहा डोळे. याला ग्यूयो पद्धत म्हणतात. लांब काडी ठेवण्याचं कारण आण्णांनी दुभाष्याशिवाय ओळखलं: नेब्बिओलोचे बुडखाजवळचे पहिले डोळे वांझ असतात, आखूड छाटलं तर घडच येणार नाही. छाटणी वर्षातून एकदाच, कडाक्याच्या थंडीत, वेल झोपलेली असताना. आपल्याकडे वेल कधी नीट झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावावी लागते. इथे ते काम थंडीच करते. त्याच संध्याकाळी आण्णांनी घरी फोन लावून पहिलं वाक्य विचारलं, "पेस्ट लावली का?"

ओळी उताराला आडव्या, समपातळीत. मातीत हात घातला तर निळसर करडी, चुनखडीने भरलेली, ढेकूळ चुरलं की पिठासारखी होणारी. कधीकाळी हा समुद्राचा तळ होता. चुनखडीची जमीन म्हटलं की आपल्याला पिवळी पडलेली पानं आठवतात, इथे तिच्यावरच नाव उभं आहे. ढोबळ फरक असा सांगतात: पश्चिमेकडे ला मोर्रा आणि बारोलोकडची वाइन जरा मऊ, सुगंधी, लवकर पिण्यायोग्य होणारी, तर पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेची राकट, वर्षानुवर्षं थांबायला लावणारी. एका दिवसात दोन्ही बाजूंची एकेक चाखलीत तर हा फरक जिभेला कळतो. एकाच गावच्या चार चाखल्या तर नाही कळत. मी पहिल्या दिवशी तीच चूक केली.

आता तळघरात. नेब्बिओलोचा मणी लहान, त्याला फुगवायचा प्रश्नच नाही. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो. द्राक्षं फोडून आंबवायला घातली की सालं वर तरंगून जाड थर होतो, त्याला इथे 'टोपी' म्हणतात. जुन्या पद्धतीत ही टोपी लाकडी पट्ट्यांनी रसात बुडवून महिनाभर, कधी त्याहून जास्त ठेवायची आणि मग वाइन स्लाव्होनियन ओकच्या प्रचंड पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायची. १९८० च्या दशकात तरुण पिढीने बंड केलं. सालं काही दिवसांतच काढायची आणि वाइन २२५ लिटरच्या छोट्या, नव्या फ्रेंच पिंपांत घालायची, म्हणजे ती लवकर मऊ होते आणि परदेशात विकली जाते. एलिओ आल्तारे याने बापाची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली आणि बापाने त्याला वारशातून बेदखल केलं, हा किस्सा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो हे म्हातारे गृहस्थ. त्यांनी बाटलीच्या लेबलावर स्वतःच्या हाताने लिहिलं: छोटी पिंपं नकोत, बेर्लुस्कोनी (इटलीचा राजकारणी) नको. आज भांडण बरंच निवळलंय. बहुतेक जण मोठ्या पिंपांकडे परतलेत, पण स्वच्छता आणि तापमानाचं नियंत्रण नव्यांकडून घेतलंय. मला विचाराल तर मास्कारेल्लो जिंकले. त्या छोट्या पिंपांतली एक बाटली चाखली, तिला द्राक्षापेक्षा व्हॅनिलाचा वास जास्त होता.

विक्रीला येण्याआधी बारोलो किमान ३८ महिने मुरावी लागते, त्यातले १८ लाकडात. रिझेर्व्हा लिहिलं असेल तर ६२ महिने. पेल्यात रंग अपेक्षेपेक्षा फिका, थेट विटकरीकडे झुकणारा. वासात वाळलेले गुलाब आणि चक्क डांबर. घोट घेतला की हिरडा चावल्यासारखा तुरटपणा हिरड्यांना पकडतो. नुसती पिऊ नका. सोबत चीज किंवा जेवण हवंच.

तळघर बघायचं तर दोन-तीन आठवडे आधी ईमेल करून वेळ ठरवा, न सांगता गेलात तर दार उघडत नाही. माझ्याकडून एके ठिकाणी २५ आणि दुसरीकडे ३० युरो घेतले, आण्णांचे कुणीच घेतले नाहीत. दिवसाला दोनच ठेवा, सकाळी एक आणि दुपारी एक. तोडणीच्या दिवसांत छोटे उत्पादक भेट देत नाहीत, पण बागेच्या कडेने चालायला कुणाची ना नसते. ब्रुनातेच्या वेलींमधलं रंगीबेरंगी चॅपल बघाच. १९९९ मध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या दोन चित्रकारांनी ते आतबाहेर रंगवलं.

चौथा दिवस शेजारच्या बार्बारेस्को गावाचा आणि त्याच नावाच्या वाइनचा. द्राक्ष तेच, पण तानारो नदीजवळची जरा उबदार जागा, म्हणून मुरवण्याची अट २६ महिन्यांचीच. आण्णांना इथलं सगळ्यात काय आवडलं असेल तर सोसायटी. १८९४ मध्ये आल्ब्याच्या वाइनशाळेचे प्रमुख दोमित्सिओ कावात्सा यांनी शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली, ती १९२० च्या दशकात बंद पडली. १९५८ मध्ये गावच्या पाद्र्याने १९ शेतकऱ्यांना गोळा करून ती पुन्हा उभी केली आणि पहिल्या वाइन चर्चच्या तळघरात केल्या. आज 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' चांगल्या वर्षी नऊ शिवारांच्या वाइन वेगवेगळ्या बाटलीत भरते. दरही इतरांच्या मानाने परवडणारे. पहिल्यांदा नेब्बिओलो पिणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

रोजच्या जेवणाला इथली माणसं बारोलो पीत नाहीत. दोल्चेत्तो किंवा बार्बेरा पितात. बार्बेरा आंबटसर आणि बिनतुरट, तेलकट जेवणाबरोबर फार छान. नदीपलीकडच्या रोएरोत आर्नेइस ही पांढरी. आणि मोस्कातो द'आस्ती: गोड, हलके बुडबुडे, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास. ती नवख्यांना हमखास आवडते.

शाकाहारींनी जरा सावध. 'प्लिन' या छोट्या करंज्यांत मांस असतं, 'बान्या काउदा'त मासे आणि बारोलो घालून केलेल्या 'रिसोतो' या भातात बहुधा मांसाचं पाणी. 'ताजारिन' या बारीक शेवया लोणी आणि सेज घालून मागा, पण त्यात अंड्याचं बलक भरपूर. अंडंही नको असेल तर बाजारातून चीज, पाव, फळं घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आल्ब्याला पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली वाढणाऱ्या उग्र वासाच्या बुरशीची) जत्रा भरते, शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात. तिथे एक ट्रफल आण्णांच्या नाकाशी धरला, तर ते म्हणाले, "सिलिंडर गळतोय." किलोला हजारो युरोंचा सिलिंडर.

भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. आण्णा पीत नसले तरी त्यांच्या दोन मोजल्या जातात. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका.

पुन्हा जायचं झालं तर जानेवारी-फेब्रुवारीत जाणार आहोत. बऱ्याच खानावळी तेव्हा बंद असतात, कडाक्याची थंडी असते, पण खोल्या स्वस्त. आण्णांना तिथली छाटणी बघायची आहे, आणि स्वतःची कात्री नेता येईल का असं आत्तापासून विचारतायत. मोठ्या बॅगेत चालते.