आमची वाटचाल: वहीतला चौथा रकाना

आमच्याकडे एक वही आहे. कापडी पाठीची, कोपरे झिजलेली. २०१३ पासून फ्रीलान्स बाजारपेठांवर, म्हणजे सुटी कामं देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर, आम्ही टाकलेली प्रत्येक बोली तिच्यात लिहिलेली आहे. सुरुवातीला रकाने तीनच होते: तारीख, काम, रक्कम. चौथा रकाना माझ्या मावसभावानं दीड वर्षानंतर आखला. खरं सांगायचं तर आमचा धंदा तिथून सुरू झाला. त्याआधी जे चाललं होतं ती हौस होती.

आधी काम काय करतो ते सांगते. आम्ही विस्कटलेल्या याद्या नीट करून देतो. एकाच ग्राहकाचं नाव तीन फायलींत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, फोन नंबरच्या सुरुवातीचं शून्य एक्सेलनं गिळलेलं असतं, तारखांमध्ये दिवस आणि महिना उलटेपालटे झालेले असतात. ते सगळं निस्तरून एक स्वच्छ यादी परत द्यायची. आज आम्ही तिघं आहोत. सुरुवात दोघांनी केली, ओडेस्क नावाच्या बाजारपेठेवर.

बोलीसोबत पाठवायची तेव्हाची माझी प्रपोजल्स आज वाचवत नाहीत. ‘आदरणीय महोदय, आम्ही अत्यंत मेहनती असून चोवीस तास उपलब्ध आहोत.’ क्लायंटला मेहनती माणूस नको असतो हो, त्याला त्याची फाईल दुरुस्त झालेली हवी असते. पहिल्या चाळीसेक बोल्यांना साधं उत्तरही आलं नाही. मग एक लागली, कारण सगळ्यांत कमी रक्कम आमची होती. अकरा दिवस राबलो, पाच तारे मिळाले, आणि मी हवेत होते.

“ताई, यात आपल्याला तासाला किती पडले, काढू का?” भावानं विचारलं.

“नको,” मी म्हटलं.

त्यानं काढलेच. मग रागानं वहीत रेघ ओढून चौथा रकाना केला: वेळ. त्यात नुसता कामाचा वेळ नाही. बोली लिहिण्याचा, क्लायंटशी गप्पा मारण्याचा, फुकट नमुना करून देण्याचा, ‘जरा एवढं बदला’चा, सगळा. दोन महिन्यांनी बेरीज केली तेव्हा पैसे मिळालेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ एक तास फुकट जात होता. आमचा भाव कमी होता हे आम्हाला माहीत होतं. तो त्याच्याही निम्मा आहे, हे माहीत नव्हतं.

‘आधी स्वस्तात करा, रिव्ह्यू गोळा करा, मग भाव वाढवा,’ हा सल्ला नव्या माणसाला सगळेच देतात. मीही दिला आहे, आता देत नाही. एकतर आधीच्या कामांची रक्कम काही ठिकाणी प्रोफाइलवर दिसते, त्यामुळे पुढचा क्लायंट तुमचे तारे बघताना तुम्ही ते कितीला मिळवले हेही बघतो. दुसरं म्हणजे, आमच्या वहीत सर्वांत जास्त वेळ खाल्लेली कामं सर्वांत स्वस्त कामंच आहेत. कमी पैसे देणारा कमी अपेक्षा ठेवेल असं मला वाटायचं. तसं काही नसतं. पहिली दोन-तीन कामं कमी पैशांत घ्यावी लागतात, ते मान्य. पण मग काम लहान घ्या, भाव पाडू नका. दोनशे ओळींची यादी पूर्ण भावानं करून द्या. वीस हजार ओळींची चतुर्थांश भावात नको.

कमिशनचं गणित तर आम्ही फार उशिरा शिकलो. ओडेस्क आणि ईलान्स या दोन बाजारपेठांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये विलीनीकरण जाहीर केलं आणि २०१५ मध्ये त्या एकत्र कंपनीचं नाव अपवर्क झालं. ओडेस्कच्या काळात कमिशन १० टक्के होतं. २०१६ मध्ये पायऱ्या आल्या: एका क्लायंटच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०,००० डॉलरपर्यंत १०, त्यापुढे ५. म्हणजे छोटी-छोटी अनेक गिऱ्हाइकं करणाऱ्याचं कमिशन एका झटक्यात दुप्पट, आणि आमची सगळी गिऱ्हाइकं छोटीच होती. २०२३ मध्ये पुन्हा सरसकट १० टक्के, २०२५ पासून कामागणिक शून्य ते १५ टक्के. फायव्हर ही दुसरी बाजारपेठ काम करणाऱ्याकडून २० टक्के घेते. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठराविक रकमेच्या कामाची फी, १० टक्के किंवा ५ डॉलर यांतली जी जास्त ती, काम स्वीकारतानाच कापली जाते, पैसे हातात पडायच्या आधी. हे वाचून कुणी चिडू नये. दुकान त्यांचं आहे, भाडं तेच ठरवणार. पण बोली टाकताना हातात काय उरायला हवं ते आधी ठरवायचं आणि मागे मोजत जायचं: सर्वांत वरच्या टप्प्याचं कमिशन, पैसे काढण्याचा खर्च, चलन बदलताना होणारी घट. आम्ही उलटं करायचो, क्लायंटला आवडेल असा आकडा टाकायचो आणि उरेल ते आपलं म्हणायचो.

बोली टाकणंही फुकट राहिलेलं नाही. अपवर्कवर २०१९ पासून कनेक्ट्स, म्हणजे बोली टाकायची टोकनं, विकत घ्यावे लागतात, एकाला ०.१५ डॉलर, आणि एका कामाला असे बरेच लागतात. मला तर हे बरंच झालं असं वाटतं. पैसे जायला लागले तेव्हा मी जाहिरात शेवटपर्यंत वाचायला लागले.

वाचायचं काय, तर जाहिरातीपेक्षा जाहिरात देणारा. त्याचं पेमेंट व्हेरिफाय आहे का, आजवर किती जाहिराती दिल्या आणि त्यांतल्या कितींवर खरंच माणूस नेमला, सरासरी तासाला काय दिलं. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे त्यानं आधीच्या लोकांना दिलेले रिव्ह्यू. ज्यानं पाचांपैकी तिघांना ‘आळशी’ म्हटलंय, त्याचे आपण चौथे. भाऊ याला ‘स्थळाची चौकशी’ म्हणतो.

प्रपोजल आता पाच-सहा ओळींचं असतं. क्लायंटला यादीत सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून तिथे नमस्कार-चमत्कार नाही, थेट त्याच्या कामातली एखादी अडचण. एकदा जीवशास्त्रातल्या एका गटाची जाहिरात आली: जनुकांच्या यादीत मध्येच तारखा दिसतायत, मदत हवी. आम्हाला कारण ठाऊक होतं. ‘सेप्ट२’ सारखं जनुकाचं नाव टाइप केलं की एक्सेल त्याची २ सप्टेंबर करून टाकतं. (हा घोळ इतका जुना आणि पसरलेला होता की २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनंच त्या जनुकांची नावं बदलली, सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा तेच सोपं पडलं असावं.) आमच्या प्रपोजलच्या पहिल्या ओळीत तेवढंच लिहिलं, आणि दुसऱ्या ओळीत विचारलं की मूळ मजकूर-फाईल शिल्लक आहे का, कारण ‘मार्च१’ आणि ‘मार्क१’ या दोन्ही जनुकांची एक्सेल १ मार्चच करतं, आणि मग मुळात काय लिहिलं होतं ते परत सांगता येत नाही. काम आमच्या पूर्ण भावानं मिळालं. त्यानंतर आम्ही प्रोफाइलवरचं ‘डेटा एंट्री, टायपिंग, एक्सेल, सर्व प्रकारची कामे’ काढून टाकलं आणि लिहिलं, ‘एक्सेलनं बिघडवलेल्या आणि दुहेरी नोंदी झालेल्या याद्या दुरुस्त करतो.’ विचारणा कमी झाल्या. काम वाढलं.

आता चुकांकडे येते. एक चूक अशी आहे की तिच्याबद्दल बोलायला मला अजून जड जातं.

तिसरी सहकारी आली तेव्हा काम एवढं होतं की आम्ही तिघंही माझ्या एकट्याच्या खात्यावरून काम करायला लागलो. क्लायंटला वाटायचं मीच करतेय. कुणाला फसवण्याचा हेतू नव्हता. नवं खातं म्हणजे शून्यापासून सुरुवात, म्हणून टाळलं, एवढंच. एके सकाळी त्या बाजारपेठेनं खातं गोठवलं. वेगवेगळ्या यंत्रांवरून, वेगवेगळी माणसं एकाच नावानं काम करतात, हे नियमात बसत नाही. पत्रव्यवहार केला, गयावया केली, उपयोग झाला नाही. झालेल्या कामाचे पैसे नंतर मिळाले, पण सगळे रिव्ह्यू, सगळी ओळख गेली. चालू असलेल्या दोन क्लायंटना मी काही कळवूही शकले नाही, कारण त्यांच्याशी बोलायची खिडकी त्या खात्यातच होती.

नियम वाचला असता तर दिसलं असतं की संस्थेसाठी वेगळं एजन्सी खातं असतं, त्यात प्रत्येकाचं नाव असतं आणि काम कोण करतंय ते क्लायंटला दिसतं. दुसऱ्या बाजारपेठेवर आम्ही तसंच उभं केलं. त्यामुळे ‘तुमचं खातं भाड्यानं द्या, घरबसल्या टक्केवारी घ्या’ असे निरोप येतात ना, ते मी वाचल्याबरोबर पुसते. तीच गत पहिल्याच निरोपात टेलिग्रामवर बोलावणाऱ्यांची, आणि काम देण्याआधी ‘अनामत’ मागणाऱ्यांची. काम देणारा पैसे मागत नसतो.

दुसरी चूक साधी, पण तिनंही बरंच खाल्लं. ठराविक रकमेच्या कामात आम्ही पूर्ण झालेली फाईल गप्पांच्या खिडकीत पाठवायचो आणि पैशांची वाट बघत बसायचो. अपवर्कवर माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे, पैसे एस्क्रोत, म्हणजे बाजारपेठेकडच्या राखीव खात्यात, असतात, आणि काम रीतसर ‘सबमिट’ केल्यावर क्लायंटनं १४ दिवसांत काहीच केलं नाही तर ते आपोआप सुटतात. बटण दाबलं नाही तर दिवस मोजायलाच सुरुवात होत नाही. एस्क्रोत पैसे दिसल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हे तर आता आमच्याकडे भिंतीवर लिहिल्यासारखं आहे. तासांच्या कामात टाइम ट्रॅकर दर दहा मिनिटांच्या तुकड्यात एकदा पडद्याचं छायाचित्र घेतो, तो मला वर्षभर अपमान वाटायचा. पण हातानं भरलेल्या तासांना पेमेंटचं संरक्षण नसतं, हे कळल्यावर अपमान गिळला.

आणि ‘फक्त एवढंच आणखी’. दुहेरी नोंदी काढून द्या म्हणून घेतलेलं काम ‘आता पत्ते पण तपासा’, ‘आता ईमेलही शोधा’ करत दुप्पट होतं. पूर्वी मी रिव्ह्यूच्या भीतीनं करून द्यायचे. आता काम घेतानाच लिहिते: किती ओळी, कोणते रकाने, किती वेळा बदल. जास्तीचं मागितलं तर “हो, करू की, त्याचा वेगळा माइलस्टोन टाका.” बहुतेक क्लायंट लगेच टाकतात. ते काही वाईट लोक नसतात. त्यांना सीमा माहीत नसते, कारण आपणच सांगितलेली नसते.

क्लायंटला बाजारपेठेबाहेर नेऊन कमिशन वाचवावं का, हे मला सर्वांत जास्त विचारलं जातं. अपवर्कचा नियम २४ महिन्यांचा आहे. त्याआधी बाहेर जायचं तर फी भरून. खातं एकदा गमावल्यावर तो धोका मी घेत नाही. मुदत उलटल्यावरही दोन क्लायंट आम्ही तिथेच ठेवले, कारण ते पैसे द्यायला विसरतात आणि एस्क्रो विसरत नाही.

२०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि नुसत्या दुहेरी नोंदी काढण्याची छोटी कामं ओसरली. प्रपोजल्सही सगळ्यांची एका साच्यातली दिसू लागली, गुळगुळीत. आमच्याकडे आता येतात ती पुढची कामं: दोन नोंदींपैकी खरी कोणती, हे कुणीतरी ठरवायचं आणि त्याची जबाबदारी घ्यायची. अशी कामं संख्येनं कमी आहेत, पण भाव बरा आहे.

मागच्या आठवड्यात एक जुना क्लायंट परत आला, पहिल्या वर्षातला, ओडेस्कवरचा. साठ हजार ओळी, आणि भाव त्याला तेव्हाचाच हवा होता. मी वही काढून त्याचं पान शोधलं. त्या पानावर चौथा रकाना नव्हताच. भावाकडे बघितलं, तर त्यानं नकाराचं उत्तर टाइप करायला घेतलं होतं.

“नम्रपणे लिही रे,” मी म्हटलं.

“लिहितोय, ताई. तीन ओळींत.”