टोब्रुकच्या रणगाड्यांतील माणसांचा माग : बर्लिन आणि फ्रायबुर्ग
२० जून १९४२ रोजी पहाटे जर्मन विमानांनी ब्रिटिशांच्या ताब्यातील, लिबियातील टोब्रुक बंदराच्या आग्नेय फळीवर मारा सुरू केला, तेव्हा तेथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. ही फळी फोडून जे रणगाडे आत घुसले, त्यांत जर्मनीच्या १५ व्या पान्झर (रणगाडा) डिव्हिजनचे आठवे पान्झर रेजिमेंट होते. दुसऱ्याच दिवशी टोब्रुक पडले आणि सुमारे ३३ हजार सैनिक कैदेत गेले. त्या रणगाड्यांत कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले, हे शोधण्यासाठी मी जर्मनीला गेलो.

या मार्गाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात ठेवावी : माणसांचे कागद एका शहरात आहेत आणि रेजिमेंटचे दुसऱ्या. सैनिकांच्या नोंदी बर्लिनमध्ये, पूर्वी ‘वास्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यालयात आहेत. १ जानेवारी २०१९ पासून ते जर्मन संघीय अभिलेखागाराचा विभाग झाले आहे. ओळखबिल्ल्यांच्या याद्या, मृत व जखमींचे अहवाल आणि दफनाच्या नोंदी तेथे मिळतात. मात्र थेट जाऊन काही हाती लागत नाही. नाव, जन्मतारीख आणि शक्य असल्यास बिल्ल्यावरील मजकूर देऊन लेखी अर्ज करावा लागतो आणि उत्तरासाठी कित्येक महिने थांबावे लागते, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी हा अर्ज धाडावा. मृत्यूनंतर १० वर्षे, किंवा मृत्यूची तारीख ठाऊक नसल्यास जन्मानंतर १०० वर्षे उलटल्याखेरीज वैयक्तिक कागद सहसा खुले होत नाहीत.

बिल्ल्याबाबत विशेष सावध राहावे. त्यावर सहसा सैनिकाला तो जेथे प्रथम मिळाला त्या तुकडीचे नाव असते, त्यामुळे तो शेवटी कोठे लढला हे त्यावरून ठरवता येत नाही. सैनिक कोणत्या तुकडीतून कोणत्या तुकडीत गेला, हे बिल्ल्यांच्या याद्यांतील पुढील बदलांवरून जुळवत न्यावे लागते. हे काम संथ आहे, पण माझ्या मते संपूर्ण शोधाचा कणा तोच आहे.

फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात रेजिमेंट आणि डिव्हिजनची युद्धदैनंदिनी वाचता येते. १५ व्या डिव्हिजनसाठी ‘आरएच २७-१५’ आणि पान्झर रेजिमेंटांसाठी ‘आरएच ३९’ हे संकेतांक मागावेत. वाचनकक्षातील जागा आणि फायली आधीच नोंदवाव्यात; ‘इन्व्हेनिओ’ या ऑनलाइन सूचीत पुष्कळसे दस्त घरबसल्या उघडतात, तेवढ्यांसाठी प्रवासाचे दिवस खर्चू नयेत. अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायलीही येथेच आहेत. १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात पोट्सडॅमच्या लष्करी दफ्तरखान्याचा मोठा भाग जळाला, म्हणून एखादी फाईल सापडली नाही तर तो सैनिक तेथे नव्हता असा निष्कर्ष काढू नये. दैनंदिनीचा मजकूर बहुधा टंकलिखित असतो, पण समासातील हस्ताक्षर जुन्या जर्मन वळणाचे असते, त्याचा सराव करूनच जावे.

आठव्या रेजिमेंटचा पुढचा प्रवास इजिप्तमधील अल-अलामैनमधून ट्युनिशियापर्यंत जातो. त्याचे प्रमुख कर्नल टेगे २ नोव्हेंबर १९४२ च्या लढाईत मारले गेले आणि मे १९४३ मध्ये आफ्रिकेतील उरलेले जर्मन सैन्य शरण गेले. मृतांची कबर फोल्क्सबुंड या युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन सूचीत शोधावी. अल-अलामैन येथे सुमारे ४,२०० आणि ट्युनिशियातील बोर्ज-सेद्रिया येथे ८,००० हून अधिक जर्मन सैनिक दफन आहेत. लढाईची दुसरी बाजू तपासण्यासाठी लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘डब्ल्यूओ १६९’ ही मध्यपूर्वेतील तुकड्यांची युद्धदैनंदिनी अवश्य पाहावी. जर्मन अहवालात ज्या ठाण्याचा एका ओळीत निकाल लागतो, तेथे आपल्या मातीतले जवान लढले होते हे विसरता येत नाही.

मृत्यूचा कागद माणसाने काय केले ते सांगत नाही. याच रेजिमेंटने आफ्रिकेपूर्वी पोलंड आणि फ्रान्समध्ये आक्रमणात भाग घेतला होता, म्हणून केवळ वाळवंटातील पानांवर थांबणे मला अप्रामाणिक वाटते.

बेपत्ता सैनिकांसाठी जर्मन रेड क्रॉसच्या म्युनिक येथील शोध सेवेकडे अर्ज केले जात असत; ते आता घेतले जातात का, हे आधी तपासावे. सैनिक युद्धकैदी झाल्याची खूण मिळाली, तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीकडेही विचारणा करावी. मात्र तेथे अर्ज ठरावीक काळातच घेतले जातात, तेव्हा त्या तारखा आधी पाहाव्यात.