खरी कडी कोणती?

जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या हाउप्टमार्क्टात, म्हणजे मुख्य बाजारचौकात, पोचल्या पोचल्या लेकीने मला एका लोखंडी जाळीपाशी नेऊन उभं केलं. "आई, ती सोनेरी कडी दिसतेय ना? ती तीनदा फिरव आणि मनात काय ते माग." पुढे पाचसहा जण रांगेत. आपल्याकडे देवळात असतो तसाच थोडा उत्साह, थोडा संकोच. माझा नंबर आला तेव्हा काय मागायचं तेच आठवेना, त्यामुळे नुसतीच फिरवली. हात लागून लागून लख्ख झालेली पितळी कडी, बांगडीपेक्षा बरीच मोठी. जाळीच्या नक्षीत अशी अडकवलेली की सांधा शोधून सापडत नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ही जाळी 1587मध्ये पाउलुस कून नावाच्या लोहाराने घडवली. त्याच्याकडे शिकणाऱ्या पोराचं म्हणे त्याच्या मुलीवर मन बसलं. बापाने नकार दिला. पोराने एका रात्रीत बिनसांध्याची कडी जाळीत बसवली आणि गाव सोडलं. मग बाप पस्तावला, वगैरे. खरी मजा पुढेच आहे. रांगेतून बाहेर पडताना लेक म्हणाली, "पण इथले लोक म्हणतात, खरी कडी पलीकडच्या बाजूला आहे. साधी, लोखंडी." आमच्या ह्यांनी ते ऐकलं आणि जाऊन तीही फिरवून आले. कुठलीही लागू पडो.

जाळीच्या आत उभं आहे ते 'श्योनर ब्रुनेन', म्हणजे सरळ मराठीत 'सुंदर कारंजं'. नाव ठेवताना फार डोकं चालवलेलं नाही, पण चुकीचंही नाही. सुमारे 19 मीटर उंच, चर्चचा कळस काढून जमिनीवर ठेवावा तसं. चौदाव्या शतकाच्या शेवटी हाइनरिश बेहाइमने ते बांधलं. त्यावर 40 मूर्ती, सगळ्या रंगवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या. खाली तत्त्वज्ञान आणि सात विद्या, त्यांच्यासोबत बायबलमधली चार शुभवर्तमानं लिहिणारे आणि चर्चचे चार आचार्य. मधे राजा निवडणारे सात इलेक्टर आणि नऊ वीर, अगदी वर मोझेस आणि सात संदेष्टे. नऊ वीरांत सीझर आहे, सिकंदर आहे, डेव्हिड आहे, राजा आर्थरही आहे. कुणाचं कुणाशी नातं नाही, पण एका रांगेत शांतपणे उभे आहेत. मान दुखेपर्यंत बघितलं.

आणि मग कळलं की हे सगळंच नवं आहे. मूळ वालुकाश्म झिजून गेला, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिकाऊ चुनखडकात हुबेहूब नक्कल उभी केली. मूळ मूर्तींचे अवशेष इथल्याच जर्मॅनिक संग्रहालयात आहेत. दुसऱ्या महायुद्धात नकलेभोवती काँक्रीटचं कवच चढवलं होतं, म्हणून 2 जानेवारी 1945च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ सगळं गेलं तरी हे उरलं.

बाराला दहा मिनिटं कमी असताना चौकातली सगळी गर्दी एका दिशेला सरकायला लागली. मी तेव्हा भाजीच्या ठेल्यावर. मेचा महिना, पांढऱ्या श्पार्गेलच्या, म्हणजे अ‍ॅस्परॅगसच्या, जुड्या रचून ठेवलेल्या. जवळच्या ज्या शेतीपट्ट्यातून इथे भाजी येते, त्याचं नावच 'लसूणदेश' आहे हे ऐकून मी तिथेच रेंगाळले. लेकीने हात धरून ओढलं नसतं तर घड्याळ हुकलंच असतं.

फ्राउएनकिर्श, म्हणजे मेरीमातेचं चर्च. त्याच्या दर्शनी भागावर 1509चं यांत्रिक घड्याळ आहे. बाराच्या ठोक्यानंतर तुतारीवाले हलतात, मग दारातून सात इलेक्टर निघतात आणि मधे बसलेल्या सम्राट चौथ्या कार्लला तीन प्रदक्षिणा घालतात. राजाची निवड कुणी आणि कशी करायची हे ठरवणारं त्याचं 1356चं 'सोनेरी फर्मान' या शहरात जाहीर झालं, त्याची ही आठवण. हालचाल अगदी संथ. आपल्या गौरी-गणपतीतले हलते देखावे याहून चपळ असतात. तरी सगळे माना वर करून बघत होते, मीही.

चर्च आतून बघायचंच असं काही ठरलं नव्हतं. ऊन लागलं म्हणून शिरलो. वेदीकडच्या भागात जमिनीवर सहा कोनांची चांदणी आहे. चर्चमध्ये ज्यूंची चांदणी कशी, म्हणून लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, हा सगळा चौकच त्यांचा होता."

इथे ज्यूंची वस्ती होती. त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, होतं. 1349मध्ये ती वस्ती पाडून बाजाराचा चौक करायला कार्लने परवानगी दिली. त्याच वर्षी 5 डिसेंबरला 562 ज्यूंना मारलं गेलं. सिनेगॉगच्या जागी हे चर्च. म्हणजे बाहेर रोज बारा वाजता ज्याला प्रदक्षिणा घातल्या जातात, तोच हा कार्ल. बाहेर आल्यावर सॉसेज-पावाचा खमंग वास आला, पण मला काही खावंसं वाटेना. ह्यांनी मात्र तीन सॉसेजचा एक पाव संपवला.

परत जाताना लेकीने वाट वाकडी करून श्टाटपार्कात, म्हणजे शहराच्या बागेत, नेलं. तिथे नेपच्यून या रोमन समुद्रदेवाचं कारंजं आहे, पाण्यातून उसळलेले घोडे, त्रिशूळ, सगळा थाट. त्याचीही कहाणी कडीसारखीच. सतराव्या शतकात तीस वर्षांचं युद्ध संपल्याच्या आनंदात शहराने हे कारंजं करवलं, पण ते चालवण्याइतकं पाणीच नव्हतं, म्हणून ते कोठारात पडून राहिलं. शेवटी 1797मध्ये रशियाच्या झारला विकलं, आज ते रशियातल्या पेटरहोफला आहे. श्टाटपार्कातली नक्कल लुडविग फोन गेर्नग्रोस या ज्यू व्यापाऱ्याने दिलेल्या पैशातून 1902मध्ये उभी राहिली, ती थेट हाउप्टमार्क्टात. 1934मध्ये नाझींनी तिथून हलवली. चौकाला तेव्हा हिटलरचं नाव होतं.

बागेत आम्ही तिघं आणि एक सायकलवाले आजोबा, बाकी कुणी नाही. रांग नाही. नेपच्यूनपाशी फिरवायला कडीही नाही. घोड्याच्या नाकपुडीतून पाणी उडत होतं. ह्यांनी हात पुढे करून धुतले आणि म्हणाले, "गार आहे."